पावसाळी जॅकेटच्या टॅगवर आकडे छापायला लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी खरेदीचं पान होतं. रेनकोट, विंडचीटर, ट्रेकिंगची जॅकेटं सगळी एका रांगेत, नऊशेपासून अठरा हजारापर्यंत, आणि प्रत्येकाखाली तेच, वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल, म्हणजे पाणी अडवणारं आणि घामाची वाफ बाहेर सोडणारं. आता नऊशेचंही ब्रीदेबल नि अठरा हजाराचंही ब्रीदेबल, तर मग वरचे सतरा हजार शंभर कशाचे हे कुणी सांगायचं? माझी सगळी नोकरी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कापडाला कोटिंग करणाऱ्या एका युनिटात क्वालिटीच्या टेबलावर गेली, आता घरी असतो, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, आणि कापायचंच असेल तर मधलं कापू नका.

आधी एक दुरुस्ती. पुरवणीत लिहिलंय की या कापडाच्या छिद्रांतून हवा खेळती राहते. बहुतेक जॅकेटांत हवा खेळत वगैरे काही नाही, उलट वारा अडवणं हे त्याचं अर्धं काम असतं. बाहेर जाते ती फक्त घामाची वाफ, आणि तीही स्वतःच्या मनाने नाही, तिला ढकलणारं काहीतरी लागतं. सगळी मेख या ढकलण्यात आहे आणि दुकानात नेमकं तेच कुणी सांगत नाही.

मध्यंतरी भाच्याला मनालीजवळच्या हामटा पासला ट्रेकला जायचं म्हणून त्याच्याबरोबर अलकापुरीतल्या एका दुकानात गेलो होतो. तिथल्या पोराने काउंटरवर काचेचा ग्लास ठेवला, इलेक्ट्रिक केटलीतलं पाणी ओतलं, त्यावर जॅकेटची बाही ताणून धरली आणि वर दुसरा ग्लास उपडा घातला. दहा-पंधरा सेकंदांत वरचा ग्लास धुरकट. "जुओ काका, पाणी अंदर, वराळ (वाफ) बहार, आ कापड श्वास ले छे." भाचा खूश, मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकंही खूश. मी विचारलं, केटलीऐवजी नळाचं कोमट पाणी घेऊन दाखवतोस का? तो हसला आणि दुसरा रंग दाखवायला लागला.

डेमो खोटा होता असं मी म्हणत नाही. वाफ खरंच कापडातून गेली. पण केटलीतलं पाणी ओतल्यावर ८० अंशाच्या आसपास असतं आणि आपली कातडी असते ३५ अंशाच्या आसपास, आणि वाफेचा दाब तापमानाबरोबर भसाभस वाढतो. ३५ अंशाला तो पाऱ्याच्या साधारण ४२ मिलिमीटर असतो (ब्लडप्रेशर मोजतात तेच मिलिमीटर), ८० अंशाला साडेतीनशेच्या वर जातो. म्हणजे ग्लासातली वाफ तुमच्या घामापेक्षा आठपट जोराने ढकलते, आणि वरचा ग्लास गार असल्यामुळे ती लगेच दिसतेही. असा डेमो करायचा तर बऱ्यापैकी कुठलंही कापड पास होईल.

आता हेच गणित बडोद्यात लावा. जुलै-ऑगस्टचा धो धो पाऊस, हवा २८ अंश, दमटपणा ९५ टक्के असं धरा. बाहेरच्या हवेतच वाफेचा दाब सुमारे २७ मिलिमीटर आहे. जॅकेटच्या आत घामाने सगळं चिंब झालं तरी तो ४२ च्या वर जात नाही. राहिला फरक १५ चा. तोच भाचा मनालीच्या वर ५ अंशात पावसात चालत असेल तर बाहेरचा दाब साडेसहा, फरक ३५ च्या घरात. कापड तेच, किंमत तीच, पण इथे त्याचं काम निम्म्याहून कमी. दांडिया बाजारात आमच्या गॅलरीत ऑगस्टमध्ये टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तो ज्या कारणाने वाळत नाही त्याच कारणाने जॅकेटच्या आतला घाम बाहेर पडत नाही, टॉवेलच्या कंपनीला मात्र आपण दोष देत नाही.

आणि मुळात घाम किती येतो ते बघा. पावागडला रोपवे न घेता पायऱ्यांनी चढणाऱ्या माणसाला दमट हवेत तासाला लिटरभर घाम सहज येतो. काही जॅकेटांच्या टॅगवर वाफेचा १०,००० असा आकडा असतो तो म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ गेली. तासाला चारशे ग्रॅमच्या जरा वर. अंगावरच्या जॅकेटचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं तरी कागदावर सहाशे ग्रॅम, तेही लॅबमध्ये, पाठीवर सॅक नाही, कापड वरून ओलं नाही. मग उरलेला घाम आतच राहणार, आणि माणूस खाली उतरल्यावर जॅकेट गळतंय म्हणून दुकानदाराशी भांडणार.

बरं, हा १०,००० चा आकडा काढला कसा, हेही विचारायला पाहिजे. आमच्याकडे साधी वाटीची टेस्ट होती. ॲल्युमिनियमच्या वाटीत पाणी, वर कापड, कडा मेणाने बंद, ठरलेल्या तापमानाच्या आणि दमटपणाच्या कपाटात ठेवायची आणि वजन किती घटलं ते बघायचं. तीच वाटी उलटी टांगली म्हणजे पाणी कापडाला लागून राहतं आणि आकडा फुगतो. जपानी पद्धतीत एक प्रकार असा आहे की पाण्याऐवजी पोटॅशियम ॲसिटेटचं द्रावण वापरतात, ते वाफ ओढून घेतं, तिथे आकडा आणखी फुगतो. थान एकच, आकडे तीन, आणि तिन्ही खरे! त्यामुळे टॅगवर नुसतं १०,००० किंवा २०,००० छापून काही उपयोग नाही, कुठल्या टेस्टने काढलं ते शेजारी पाहिजे. आयएसओ ११०९२ म्हणून एक टेस्ट आहे, त्यात घाम फुटल्यासारखी गरम ओली प्लेट असते आणि वाफेला किती अडथळा होतो ते मोजतात, त्याला रेट म्हणतात. तिथे आकडा कमी तेवढं चांगलं, ६ च्या आत म्हणजे उत्तम, २० च्या वर म्हणजे आत उकडून निघाल. त्यातल्या त्यात हा आकडा मला प्रामाणिक वाटतो, म्हणूनच बहुधा स्वस्त मालावर तो कधी दिसत नाही.

पाणी अडवायचं त्याची गोष्ट जरा सोपी. कापडाचा तुकडा गोल चिमट्यात घट्ट धरायचा, खालून पाण्याचा दाब द्यायचा, मिनिटाला ६० सेंटिमीटरने पाणी चढत जातं, आणि डोळे कापडावर लावून बसायचं. पहिला थेंब फुटतो, तो सोडून द्यायचा. दुसरा सोडून द्यायचा. तिसऱ्या जागी थेंब आला की आकडा लिहायचा. किती मिलिमीटर उंचीचं पाणी कापडाने झेललं तो त्याचा आकडा. १०,००० म्हणजे दहा मीटर उंच पाणी. पावसाच्या थेंबाला एवढं बळ नसतं हे खरं, पण ओल्या सीटवर बसलात, सॅकचा पट्टा खांद्यावर दाबला, गुडघा टेकलात की तिथे दाब वाढतो, म्हणून बिचाऱ्या कापडाला जास्त मार्जिन लागतं. अर्थात स्वस्त जॅकेटं गळतात ती बहुतेक वेळा कापडातून गळतच नाहीत, शिवणीतून गळतात. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे नळच. जॅकेट उलटं करून बघा, खांद्यावर, टोपीला, चेनच्या दोन्ही बाजूंना शिवणीवर आतून पारदर्शक टेप चिकटवलेली दिसते का. नुसती मोठ्या शिवणींवर आहे आणि बाकी उघड्या आहेत असंही करतात, टॅगवर मात्र वॉटरप्रूफच लिहितात, कारण कापड वॉटरप्रूफ आहे ना!

ही डोकेदुखी आजची नाही. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये नॅफ्थात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये भरून पेटंट घेतलं, तेव्हापासून पाणी अडवणं जमलंय. आपल्याकडे १९२० मध्ये कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोसांनी बेंगॉल वॉटरप्रूफ काढली, तिचा डकबॅक रेनकोट आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने अंगावर घातलाय आणि आतून भिजलाय. रबराचा तो वास अजून आठवतो. पावसाने भिजायचं का घामाने एवढाच चॉइस होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये व्हेंटाइल नावाचं कापड काढलं, समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी. शुद्ध कॉटन, लांब धाग्याचं, इतकं घट्ट विणलेलं की पाणी लागलं की धागेच फुगतात आणि फटी मिटतात. कोटिंग नाही, प्लॅस्टिक नाही. मला विचाराल तर विणकामात याच्यासारखी हुशारी कमीच बघितली, पण ते भिजून जड होतं, वाळायला वेळ लावतं आणि महाग पडतं. देशावरच्या धनगराची घोंगडी तरी काय, लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. ती पाणी पूर्ण अडवतच नाही, पण ऊब धरते, आणि घाम कोंडत नाही. अठरा हजारांची तुलना करायचीच असेल तर घोंगडीशीही एकदा करून बघावी असं मला गंमत म्हणून वाटतं.

मग १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होता आणि त्या तुटत होत्या, शेवटी वैतागून एक कांडी हिसका देऊन ओढली तर ती तुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली. आतून सगळी जाळी झाली, बहुतेक हवाच. पुढे १९७६ च्या सुमारास ही जाळी लावलेलं गोरटेक्स नावाचं कापड बाजारात आलं. जाळीची भोकं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पट मोठी, म्हणून थेंब अडतो नि वाफ जाते. नॉनस्टिक तव्यावरचं तेच टेफ्लॉन, आणि टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, आपल्या गुजरातेत दहेजलाही बनतं. पण सुरुवातीच्या जॅकेटांत घामातलं तेल त्या जाळीत भरायला लागलं आणि ती गळायला लागली, म्हणून मग आतून पॉलियुरेथेनचा (पीयूचा) पातळ थर द्यावा लागला. त्या थराला भोकं नसतात. वाफ त्यात शिरते, आतल्या आत सरकत सरकत पलीकडे निघते. आजची बरीच स्वस्त-मध्यम जॅकेटं तर जाळीशिवाय नुसत्या असल्या पीयू कोटिंगवरच चालतात. त्यात वाईट काही नाही, चांगलं कोटिंग चांगलं चालतं, फक्त छिद्रांची गोष्ट त्याला चिकटवू नका.

पीयूची खरी दुखरी जागा वेगळी आहे आणि ती आपल्या गावाला लागू पडते. गरम आणि दमट हवेत काही प्रकारचं पीयू हळूहळू सडतं. पावसाळा संपला की जॅकेट घडी करून, बहुतेक जरा ओलसरच, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकायचं ही आपली घरोघरची रीत, वर पत्रा किंवा गच्ची तापते, पुढच्या जूनमध्ये पिशवी उघडली की आतून चिकट लागतं, वास येतो आणि पांढरे पापुद्रे हाताला येतात. टेपही सुटलेली असते. त्यावर इलाज नाही, ते फेकायचं. पूर्ण वाळवून हँगरला मोकळं टांगून ठेवलं तर तेच जॅकेट कितीतरी जास्त टिकतं. आमच्या शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तर म्हणाल्या, भाऊ, माणसांनाच कपाटात जागा नाही. तेही खरंच.

दुसरी गोष्ट बाहेरच्या बाजूची. नव्या जॅकेटवर पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळतात ते मेंब्रेनमुळे, म्हणजे आतल्या त्या जाळीच्या किंवा पीयूच्या पातळ पडद्यामुळे नाही, वरच्या कापडाला दिलेल्या पाणी झटकणाऱ्या एका रासायनिक फिनिशमुळे. ते फिनिश मळाने, घासण्याने, धुण्याच्या साबणाच्या अंशाने कमी होत जातं. मग वरचं कापड पाणी पितं, ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं, आतलं मेंब्रेन शाबूत असतं पण वाफेची वाट बंद, वर अंगाला गारवा लागतो, आतल्या गार बाजूवर घामाचंच पाणी साचतं, आणि लोक म्हणतात जॅकेट गेलं. गेलेलं नसतं! सौम्य लिक्विडने धुवा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा, लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर वर सुती कापड घालून हलकी इस्त्री फिरवा, थेंब परत गोळा व्हायला लागतात. तेवढ्याने नाहीच झालं तर फिनिशचा स्प्रे मिळतो.

हे फिनिश आता बदलतंय हेही पुरवणीत यायला हवं होतं. जुन्या फिनिशमध्ये फ्लोरिनची लांब साखळीवाली रसायनं असायची, त्यातून निघणारी पीएफओए निसर्गात मोडतच नाही, म्हणून असल्या न मोडणाऱ्या रसायनांवर बंदी आणणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ती २०१९ मध्ये गेली. कॅलिफोर्नियात २०२५ पासून आणि फ्रान्समध्ये २०२६ पासून कपड्यांतल्या असल्या रसायनांवर बंदीचे कायदे लागू झालेत, काही सवलती ठेवून. गोरच्या कंपनीनेही २०२२ पासून फ्लोरिनवाल्या टेफ्लॉनऐवजी पॉलिथिलिनचं मेंब्रेन आणलंय. चांगलंच झालं. पण फ्लोरिन नसलेलं फिनिश पाणी झटकतं, तेल झटकत नाही, म्हणजे केसांचं तेल, सनस्क्रीन, भज्यांचा हात सगळं त्याला चिकटणार, म्हणजे ते जॅकेट जास्त वेळा धुवायला लागणार. ट्रेकिंगचं जॅकेट धुवायचं नसतं असं पोरं एकमेकांना सांगतात ते साफ चूक आहे.

मग घ्यायचं काय, असं कुणी विचारेल. बडोद्यात स्कूटरवर कामाला जाणाऱ्याने मेंब्रेनच्या नादी लागू नये. मंगळ बाजारात मिळतो तो साधा कोटिंगचा रेनकोट, जरा ढगळ, काखेत चेन किंवा पाठीवर झाकलेली जाळी, शिवणीला टेप, झालं. काखेतली चेन उघडली की जेवढी वाफ बाहेर पडते तेवढी कुठलंही कापड आपल्या हवेत सोडणार नाही. सह्याद्रीत भर पावसात जाणाऱ्यांनी तर जुन्या मंडळींचंच ऐकावं, चालताना भिजायचंच, फक्त सॅकमध्ये कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. मात्र हिमालयात जायचं असेल, गार वारा आणि पाऊस एकदम, तिथे भिजणं म्हणजे जिवाशी खेळ, तिथे थ्री लेयरचं (वरचं कापड, मेंब्रेन आणि आतलं अस्तर एकत्र चिकटवलेलं) चांगलं जॅकेट घ्या आणि पैशाकडे बघू नका. भाच्याला मी तेच घ्यायला लावलं, दुसऱ्या दुकानातून, टॅगवर टेस्टचं नाव होतं ते.

आता मुद्द्याचं. आज अडीच हजाराच्या वरच्या कपड्यावर आपण १८ टक्के जीएसटी भरतो, टॅगवर एमआरपी असते, साइज असते, बनवणाऱ्याचा पत्ता असतो. त्याच टॅगवर पाण्याचा आकडा, वाफेचा आकडा आणि दोन्हींच्या टेस्टचं नाव छापणं सक्तीचं का नसावं? एवढी एक ओळ छापायला खर्च काही येत नाही, आणि टेस्ट तर कापडाच्या गिरणीने आधीच केलेली असते, आम्हीच करून द्यायचो, रिपोर्ट फाइलीत राहायचा. गिऱ्हाइकापर्यंत तो येतच नाही. ग्राहक खात्याने हे मनावर घ्यायला हवं, आणि ते घेईपर्यंत आपल्यासारख्या पेपरांनी जाहिरातदाराकडून आलेला मजकूर जसाच्या तसा न छापता निदान हे दोन आकडे मागून घ्यावेत. ज्याने दिले नाहीत त्याच्या जॅकेटखाली "माहिती दिली नाही" असं छापा, बघा पुढच्या वर्षी कसे धावत आणून देतात ते.

दुसरी सूचना बडोद्यापुरती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेच मुळी रंगकाम-विणकाम असले धंदे शास्त्राने शिकवायला. आज तिथेच युनिव्हर्सिटीचं टेक्स्टाइल इंजिनिअरिंग आहे. शेवटच्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी प्रोजेक्ट लागतातच. गावात विकली जाणारी आठ-दहा जॅकेटं बाजारातून विकत आणून त्यांनी तपासावीत, एकदा नवी असताना आणि एकदा पाच धुण्यांनंतर, आणि वाफेची टेस्ट परदेशी कोरड्या हवेत नको, आपल्या श्रावणातल्या हवेत करावी, २८ अंश आणि ९५ टक्के. निकालाचा तक्ता आपण जूनच्या पहिल्या रविवारी छापावा. वाट्या भरायला आणि मेण लावायला माणूस कमी पडला तर मी येतो, फुकट.

कळावे,
आपला,
एक निवृत्त क्वालिटीवाला, दांडिया बाजार, बडोदं

ता. क. जॅकेट धुताना सुगंधी फॅब्रिक कंडिशनर अजिबात टाकू नका. त्याचा थर कापडावर बसतो आणि पाणी झटकणं कमी होतं.